नोंद कामाची की माणसाची?

संशोधनपर पेपर एकच होता. वाणिज्य विभागातल्या तिघांनी मिळून लिहिलेला, ग्रामीण पतसंस्थांवरचा. आमच्या एक्सेल शीटमध्ये मात्र तो तीन ओळींवर बसला होता. एका ओळीत नियतकालिकाचं नाव पूर्ण, दुसरीत नुसती आद्याक्षरं, तिसरीत आयएसएसएनमधलं, म्हणजे नियतकालिकाच्या ओळखक्रमांकातलं, शेवटचं चिन्ह गळालेलं. तिन्ही ओळी एकमेकींपासून जरा जरा वेगळ्या असल्यामुळे एक्सेलच्या 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'ला काही दिसलं नाही. दिसलं ते नॅक या मूल्यांकन परिषदेच्या डीव्हीव्हीला, म्हणजे महाविद्यालयाने भरलेल्या आकड्यांची बाहेरून पडताळणी करणाऱ्यांना. पोर्टलवर स्पष्टीकरणाची मागणी आली. उत्तराला मोजके दिवस, आणि प्रश्न अगदी साधा: पाच वर्षांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतल्या नियतकालिकांमध्ये प्रसिद्ध झालेले पेपर नक्की किती?

आम्हाला सांगता येईना.

मी या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पेठेतलं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही तुकड्या असलेलं महाविद्यालय. पुण्यात अशी बरीच आहेत. नाव सांगत नाही. सांगून फार फरकही पडणार नाही, कारण ज्या ज्या ग्रंथपालांपाशी हा विषय काढला त्यांच्यातल्या बहुतेकांनी 'आमच्याकडेही हेच' म्हणत आधी चहा मागवला. प्राध्यापकांच्या ऑनलाइन प्रोफाइल आणि वर्षभराच्या शैक्षणिक कामाची नोंद हे काम माझ्याकडे कसं आलं, तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, याद्या करणं तुमचंच काम ना?" ते चेष्टेत म्हणाले असावेत. पण बरोबरच म्हणाले.

एक व्याख्यान, किती कागद

आधीची पद्धत सांगते. भूगोलाच्या एका मॅडमनी नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पाणलोट व्यवस्थापनावर व्याख्यान दिलं असं समजा. त्यासाठी जाण्याआधी त्यांनी कार्यालयात ड्यूटी लीव्हचा अर्ज दिला. आल्यावर हजेरीचं पत्र जोडलं. विभागाच्या अहवालासाठी हेडना माहिती दिली. वार्षिकांकासाठी संपादक मंडळाला पुन्हा दिली. आयक्यूएसीने, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाने, एक्यूएआरसाठी, म्हणजे नॅकला दरवर्षी जाणाऱ्या गुणवत्ता अहवालासाठी, गूगल फॉर्म पाठवला; तो भरला. संस्थेच्या मुख्य कार्यालयाने स्वतःचा फॉर्म पाठवला, तोही भरला. आणि चार वर्षांनी पदोन्नतीची वेळ आली तेव्हा कॅसच्या, म्हणजे पदोन्नती योजनेच्या, फाइलसाठी तेच पत्र शोधताना ते सापडेना, कारण मूळ प्रत कुठल्या बॉक्स फाइलमध्ये गेली ते आता कोणालाच आठवत नव्हतं.

त्यात दरवर्षी एआयएसएचई या देशव्यापी उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती आणि भाग घेतला असेल त्या वर्षी एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीची. प्रत्येकाचे रकाने वेगळे, आणि प्रत्येकाचं 'वर्ष'ही वेगळं. मागणारे चुकीचं मागतात असं मी म्हणत नाही. त्यांनी जे मागितलं ते आमच्याकडे एका जागी नव्हतं, एवढंच. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज: 'सर्व प्राध्यापकांनी आज पाचपर्यंत माहिती द्यावी, अतिशय तातडीचे.' त्याखाली अंगठ्यांची रांग. माहिती दुसऱ्या दिवशी, तीही निम्म्यांची.

महाविद्यालयाच्या वेबसाइटवर प्रोफाइल होत्या, नाही असं नाही. प्रत्येक शिक्षकाची एक पीडीएफ. काही २०१६ सालच्या. एका सरांच्या प्रोफाइलमध्ये 'पीएच.डी. चालू' असं होतं. सरांच्या हाताखाली तोवर दोन विद्यार्थ्यांची पीएच.डी. होऊन गेली होती.

मोजायचं काय

डीव्हीव्हीच्या प्रश्नापाशी परत येते, कारण खरी गाठ तिथेच सुटली.

तीन ओळी का झाल्या? तिघांनीही प्रामाणिकपणे आपापला पेपर भरला म्हणून. फॉर्म माणसाला विचारत होता, 'तुमचे पेपर सांगा.' त्याने सांगितले. आम्ही त्या ओळींची बेरीज करून तिला 'महाविद्यालयाचे पेपर' म्हणालो. बेरीज बरोबर होती, पण ती पेपरांची नव्हती, लेखकांची होती.

मग तीन ओळींपैकी दोन उडवून टाकायच्या का? नाही. कारण कॅसला त्या तिन्ही लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य यांसाठी एका पेपरला १० गुण आहेत, विज्ञान शाखांना ८. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे पतसंस्थांच्या त्या पेपरचे पहिल्या मॅडमना ७ गुण, दुसऱ्या दोघांना ३-३. एकूण १३. पेपर मात्र दहाचाच. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांच्या उल्लेखांवरून काढलेला निर्देशांक, असला की हा आकडा आणखी वर सरकतो, त्यात शिरत नाही. (नियमावलीत 'पहिला/प्रमुख/पत्रव्यवहार करणारा' असं तिरप्या रेघा देऊन लिहिलंय. पहिला लेखक एक आणि पत्रव्यवहार करणारा दुसरा असेल तर सत्तर टक्के कोणाला, यावर आमच्या स्टाफ रूममध्ये दोन मधल्या सुट्ट्या गेल्या आहेत.)

नॅकला पेपर एक. कॅसला त्याच पेपरच्या तीन माणसांचे तीन वेगळे हिस्से. दोघांनाही बरोबर उत्तर द्यायचं तर नोंद माणसाच्या पोटात ठेवून चालत नाही.

ग्रंथालयात आम्ही हे कधीच सोडवलेलं आहे. कार्डांच्या काळात एका पुस्तकाची लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं अशी तीन-चार कार्डं व्हायची. म्हणून कोणी पुस्तकं चार मोजत नसे. ॲक्सेशन रजिस्टरात, म्हणजे दाखल पुस्तकांच्या नोंदवहीत, क्रमांक एकच. मी आयक्यूएसीच्या बैठकीत एक जुनं कार्ड घेऊनच गेले. समन्वयक सर भौतिकशास्त्राचे, त्यांना दोन मिनिटांत पटलं. इतरांना माझं कार्ड हे नॉस्टॅल्जिया वाटलं असावं.

ठरलं ते असं. एक तक्ता माणसांचा. एक तक्ता कामांचा: पेपर, व्याख्यान, पुस्तक, शिबिर, अभ्यासमंडळाची बैठक, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. आणि तिसरा तक्ता जोडणीचा: या कामाशी हा माणूस, या भूमिकेत, लेखकांत या क्रमांकावर, त्या दिवशी या पदावर. पहिला लेखक पेपर नोंदवतो. दुसऱ्याने तोच डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळखक्रमांक, टाकला की यंत्र सांगतं, 'हे काम आधीच आहे, त्यात तुमचं नाव जोडू का?' संगणकशास्त्र विभागातल्या एका सरांनी हे महाविद्यालयाच्याच सर्व्हरवर उभं केलं. डोकं लढवावं लागलं ते तिसऱ्या तक्त्यासाठीच.

तयार वस्तू काय देतात

हे सगळं घरी करायची गरज होती का, असा प्रश्न संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त होता. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट विद्वान ही तज्ज्ञांची सूची चालवतं आणि संस्थांसाठी आयआरआयएनएस ही सेवा देतं. पैसे लागत नाहीत, आणि स्कोपस, ऑर्किड, क्रॉसरेफ, गूगल स्कॉलर या ऑनलाइन सूचींमधून प्रकाशनं ओढून घेता येतात. प्रकाशनांपुरतं हे उत्तम आहे आणि आमच्या शिक्षकांना तिथे खाती काढायला आम्ही लावलंच. पण एनएसएसचं शिबिर, बहिःशाल व्याख्यान, पेपर सेटिंग, मराठी नियतकालिकातला लेख यांचा कुठल्याही आंतरराष्ट्रीय सूचीत पत्ता नसतो. आणि संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाचं वर्ष निम्म्याहून जास्त याच गोष्टींत जातं. म्हणून विभागणी केली: पेपरांसाठी बाहेरचे ओळखक्रमांक, बाकीचं आमच्या नोंदवहीत.

ऑर्किड प्रत्येकाला सक्तीचं केलं. २०१२ पासून चालू असलेला हा सोळा अंकी क्रमांक माणसाचा स्वतःचा असतो, महाविद्यालय बदललं तरी बरोबर जातो. आपल्याकडे त्याची गरज जरा जास्तच. मराठी माणसाचं नाव तीन भागांचं. विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी, पेपरवर शेवटी, कधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, कधी नसतं. आमच्याकडे एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षराचे तिघं आहेत, त्यांपैकी दोघं एकाच विभागात. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमचे पीएच.डी.च्या काळातले पेपर गूगल स्कॉलरच्या लेखी दुसऱ्याच कोणा बाईंचे.

पहिल्याच आठवड्यात एका सरांचा ऑर्किड क्रमांक फॉर्म घेईना. सर दोनदा आले, तिसऱ्यांदा मोबाइलच माझ्या टेबलावर ठेवला. क्रमांकाचं शेवटचं चिन्ह एक्स होतं. शेवटचा अंक हा आधीच्या पंधरा अंकांवरून हिशोबाने काढलेला तपासअंक असतो, आणि तो हिशोब दहा आला की दहाऐवजी एक्स लिहितात, रोमन दहासारखा. आम्ही रकाना फक्त आकडे घेईल असा बनवला होता. आयएसएसएनचंही तसंच, तिथेही शेवटी एक्स येऊ शकतो. तेव्हा उलगडलं की पतसंस्थांच्या पेपरच्या त्या तिसऱ्या ओळीत शेवटचं चिन्ह का गळालं होतं. जुन्या गूगल फॉर्मलाही आम्ही हीच अट घातली होती, आणि भरणाऱ्याने कंटाळून एक्स खोडून टाकला होता. चूक आमची, ओळ त्याच्या नावावर.

कऱ्हाडची तीन गावं

मराठीत नोंदी घ्यायच्या हा माझा आग्रह. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र या विभागांचं निम्मं काम मराठीत आहे, आणि शीर्षकांचं इंग्रजी भाषांतर करून ती भरायला लावणं हा त्या कामाचा अपमान आहे असं मला वाटतं. पण आग्रहाची किंमत मोजावी लागली.

मराठीच्या मॅडमनी वीस वर्षांच्या लेखांची यादी पेन ड्राइव्हवर आणली. जुन्या काळी टाइप केलेली, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षराची आकृती रोमन अक्षराच्या क्रमांकावर बसवलेली असायची. फॉन्ट काढला की खालून मूळ रोमन अक्षरं बाहेर येतात. मॅडमनी यादी फॉर्ममध्ये चिकटवली आणि पडद्यावर टोप्या घातलेली, शेपट्या लावलेली रोमन अक्षरं उमटली. "माझा सगळा बायोडेटा फ्रेंच झाला हो," मॅडम म्हणाल्या. फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरांत ती अडखळतात. शेवटी निम्मी यादी आमच्या ग्रंथालय परिचरांनी हाताने टाइप केली. त्यांना मराठी टायपिंगची तीसची परीक्षा पास असल्याचा उपयोग सेवेत पहिल्यांदाच झाला, असं तेच म्हणाले.

आणि मग कऱ्हाड. तिथल्या एका चर्चासत्राला आमचे चौघं गेले होते. यंत्राने चर्चासत्रं तीन दाखवली. एक 'कराड'चं, ते समजलं. उरलेली दोन्ही 'कऱ्हाड'ची, अक्षराला अक्षर जुळणारी. डोळ्यांना फरक दिसेना. संगणकशास्त्राच्या सरांनी अक्षरांचे क्रमांक काढून दाखवले तेव्हा कळलं, की पापणीसारखा दिसणारा तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, आणि मागे न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर'. माणसाला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी गावं. आता नोंद साठवण्याआधी सगळे असे र एकाच पद्धतीत बदलून घेतले जातात. 'कराड' आणि 'कऱ्हाड' हे मात्र माणसानेच जुळवायचं ठेवलंय. त्यात यंत्राला घातलं तर ते आणखी काय काय जुळवेल सांगता येत नाही.

यादीत होतं, पण केव्हा?

नियतकालिकांच्या यादीचा इतिहास पुण्याच्या लोकांना वेगळा सांगायला नको. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली, मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात वगळली. मग यूजीसी-केअर ही आयोगाची नवी यादी आली. तिचा कक्ष आपल्याच विद्यापीठात, गणेशखिंडीत होता आणि २०१९ पासून ती यादी चालली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीही बंद केली आणि नियतकालिकाची पारख करायचं काम पुन्हा संस्थांवर आणि शिक्षकांवर सोपवलं.

आमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की 'यादीत आहे का?' या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नाही. एका सरांचा पेपर आला तेव्हा नियतकालिक यादीत होतं. पुढे ते काढलं गेलं. आता ती यादीच बंद झाली. सरांनी केलेलं काम त्या दिवशी नियमात होतं, पण ते आज सिद्ध करायला कागद नाही. म्हणून प्रकाशनाच्या नोंदीत 'प्रसिद्धीच्या वेळची स्थिती' असा रकाना आहे आणि त्याला त्या दिवसाचा, तारीख दिसणारा स्क्रीनशॉट जोडावा लागतो. तो ग्रंथालयात आम्ही घेतो. शिक्षकावर सोडत नाही, कारण खऱ्या नियतकालिकाच्या नावाने आणि आयएसएसएनने उघडलेल्या बनावट वेबसाइट असतात, आणि त्यांना बळी पडलेली दोन चांगली माणसं मी आमच्याच इमारतीत पाहिली आहेत. दोघांनीही पैसे भरले होते. एकांनी ते पत्नीला अजून सांगितलेलं नाही.

वर्षाचं कोडं त्या मानाने चुटकीसरशी सुटलं. महाविद्यालयाचं शैक्षणिक वर्ष जूनच्या आसपास सुरू होतं, हिशोबाचं एप्रिलला, नियतकालिकांचं जानेवारीला. आम्ही 'वर्ष' हा रकानाच काढून टाकला. तारीख घ्यायची, वर्ष अहवालाने आपापलं काढावं.

पॅन नंबरची पीडीएफ

गणिताच्या सरांनी एकदा सहज स्वतःचं नाव गूगलवर टाकलं. पहिल्या पानावर आमच्याच वेबसाइटवरची एक पीडीएफ आली: सगळ्या पूर्णवेळ शिक्षकांची यादी, नाव, पद, नेमणुकीचं वर्ष आणि पॅन नंबर. नॅकच्या एका तक्त्यात शिक्षकांच्या नावापुढे पॅनचा रकाना असायचा. आम्ही तो तक्ता भरला आणि पुरावा म्हणून त्याची लिंक द्यायची म्हणून तो जसाच्या तसा वेबसाइटवर चढवला. चढवणाऱ्याचं नाव लॉगमध्ये होतं. ते माझंच होतं.

त्याच संध्याकाळी फाइल काढली. शोधातून ती जायला आणखी काही दिवस लागले, तोवर सर रोज सकाळी मला 'अजून आहे' एवढाच मेसेज करत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालाय, त्याची आठवण करून देण्याचं काम राज्यशास्त्राच्या मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये माझ्याकडे न बघता केलं. त्यानंतर प्रत्येक रकान्यापुढे तीनपैकी एक खूण आली: सगळ्यांना दिसणारा, लॉगइन केलेल्यांना दिसणारा, फक्त कार्यालयाला दिसणारा. जन्मतारीख, मोबाइल, पॅन, जातप्रवर्ग हे तिसऱ्या खुणेत, आणि ते कोणत्याही पीडीएफमध्ये उतरतच नाहीत.

लोक भरायला का लागले

पहिलं वर्ष वाईट गेलं, हे लिहायला हवं. रचना चांगली होती, पण माहिती येत नव्हती. स्मरणपत्रं झाली, प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक झालं. नोंद हेडनी तपासून मंजूर करायची असं ठेवलं होतं. वर्षअखेरीला लॉग पाहिला तर एका विभागाच्या सगळ्या मंजुऱ्या रात्री अकरा चाळीस ते अकरा बेचाळीस या दोन मिनिटांत पडलेल्या. मी हेडना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मी नाही म्हणून कोणाशी वैर घेऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर शंका घ्यायला रोज त्याच्याशेजारी डबा खाणाऱ्या माणसाला सांगणं हीच मूळ चूक होती.

दुसऱ्या वर्षी दोन बदल केले. एक, तपासणी हेडकडून काढली. पेपर आणि पुस्तकं ग्रंथालय तपासतं, कारण आयएसएसएन, आयएसबीएन बघण्यात आमचा जन्म गेला. बाहेरची व्याख्यानं, चर्चासत्रं कार्यालयाच्या ड्यूटी लीव्हच्या अर्जाला जोडली. रजा मंजूर झाली की नोंद आपोआप अर्धी उघडते: कुठे, केव्हा, कशासाठी. परत आल्यावर शिक्षकाने प्रमाणपत्राचा फोटो टाकला की ती पूर्ण होते. तो अर्ज तर सगळे आधीपासूनच देत होते. आम्हीच तो कपाटात टाकून वर पुन्हा फॉर्म पाठवत होतो.

दुसरा बदल म्हणजे कॅसचं बटण. शिक्षकाने दाबलं की त्या तारखेपर्यंतचं सगळं काम, सहलेखकांचे हिस्से धरून गुणांसकट, कच्च्या फॉर्ममध्ये येतं आणि पुरावे क्रमाने एका पीडीएफमध्ये. पहिल्यांदा ते वापरलं रसायनशास्त्राच्या एका मॅडमनी. त्यांच्या आधीच्या पदोन्नतीला महिना गेला होता, आणि अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगला झालेला खर्च त्यांना अजून पाठ होता. यावेळी एका दुपारी कच्ची प्रत हातात आली. त्यातही दोन नोंदी राहिल्या होत्या, त्या त्यांनी तिथेच बसून भरल्या. पुढच्या आठवड्यात आणखी पाच-सहा जण 'ते बटण कुठंय' विचारत आले. सगळी परिपत्रकं एकीकडे आणि ते बटण एकीकडे.

तरी काही जण राहिलेच. त्यांच्यासाठी मंगळवारी दुपारी दोन ते तीन वाचनकक्षाच्या कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवलंय. मोबाइल घेऊन यायचं, बोलायचं, आम्ही टाइप करतो. एका तासात फार होत नाही, पण जे होतं ते बरोबर होतं.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं प्रकरण अजून नीट लागलेलं नाही. त्यांच्यातले काही सर्वांत जास्त लिहितात. नेमणूक मात्र वर्षाची, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या महाविद्यालयात, कधी एकाच वेळी दोन ठिकाणी. पेपरवर पत्ता कोणाचा? आम्ही जोडणीच्या तक्त्यात त्या दिवसाची संलग्नता ठेवतो, म्हणून मोजताना गोंधळ होत नाही. पण ज्याला आपण उन्हाळ्यात पगार देत नाही त्याचा पेपर जूनमध्ये आपल्या खात्यात मोठ्या टायपात दाखवणं मला अवघड वाटतं, आणि त्यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही.

वाद एका गोष्टीवर झाला, तो प्रोफाइलच्या पानावर सर्वांत वर काय दिसावं यावर. काहींना पेपरांची संख्या, सायटेशन म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, विभागनिहाय क्रमवारी हवी होती. मी विरोध केला. इतिहासाच्या सरांचं उदाहरण समोर होतं. त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात वर्षानुवर्षं निबंध वाचले, मोडी कागदपत्रं लावली, आणि त्यांतलं जवळजवळ काहीच स्कोपसला ठाऊक नाही. क्रमवारी लावली असती तर ते तळाशी गेले असते आणि पैसे भरून वर्षाला आठ पेपर छापणारे वर. शेवटी पानाच्या सुरुवातीला शिक्षकाने स्वतः निवडलेली तीन कामं येतात, आकडे खाली. आकडे हवे असतील त्याने खाली जावं.

इतिहासाचे सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी छापील निबंधांची एक बॉक्स फाइल ग्रंथालयाला दिली आणि जाता जाता विचारलं, "माझं पान आता बंद करणार?" मी म्हणाले, "छे हो सर, ते राहणारच."

दुसऱ्या दिवशी पान गायब. माणसांचा तक्ता आम्ही दर महिन्याच्या पगारपत्रकावरून ताजा करत होतो. पत्रकातून नाव गेलं की यंत्र माणूसच काढून टाकत होतं. कामं जागेवर होती, जोडणीही होती, फक्त ज्याला जोडायचं तो नव्हता. निवृत्त होणारा शिक्षक हा विचारच आमच्या कोणाच्या मनात आला नव्हता. 'सेवेत आहे' या खुणेऐवजी 'सेवेत केव्हापासून केव्हापर्यंत' अशा दोन तारखा घातल्या आणि मंगळवारी पान परत दिसू लागलं. सरांना तसं कळवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पान पाहिलं होतं. चौथ्या निबंधाच्या शीर्षकात 'पुनर्विचार' असं हवं, आम्ही 'पुर्नविचार' टाइप केलंय, रफार चुकीच्या अक्षरावर आहे, तेवढं उद्या दुरुस्त करून घ्या म्हणाले.